फेटा न्हाई

बहात्तरच्या दुष्काळात नांदूरघाटाकडच्या एका गावानं सत्यभामेला सोसायटीच्या बोर्डावर घेतलं. बोर्डावर एक बाई असलेली बरी दिसते म्हणून घेतलं. चहा यायचा, ठराव व्हायचे, तिनं सही करायची. बाईचं काम एवढंच, असं चेअरमन बबनरावांनी धरलं होतं.

एक दिवस डोंगरापलीकडच्या वस्तीवरची बायनाबाई तिच्या ओसरीत येऊन बसली. "आमच्याकडच्या सोसायटीच्या डेपोत कडबा हाय म्हंत्यात, अन् आमी गेलो का दाराला कुलूप. माजी गाय काल बसली ती उठलीच न्हाई, वैनी."

सत्यभामेनं मीटिंगमध्ये विचारलं, "डेपो कुणी बघितलाय का?"

कुणीच बघितला नव्हता.

"मग मी जाते. जीप द्या."

"जीप कारखान्याच्या कामाला गेलीया," बबनराव म्हणाले. "लईच घाई आसंल तर घोड्यावर जावा की, वैनी!"

सगळे खो-खो हसले. तिचा नवरा उत्तरेश्वर सभासद म्हणून दाराशी उभा होता, तोही हसला. इतरांचं हसणं तिनं गिळलं असतं. त्याचं तिच्या डोक्यात गेलं.

तिच्या सासऱ्यांची, आबांची, एक घोडी होती. घरी येऊन ती उत्तरेश्वराला म्हणाली, "आबांची घोडी दावणीला उगं उभी हाय. उद्यापासून मला शिकवा."

उत्तरेश्वराला वाटलं, एका दिवसाची हौस आहे. त्यानं खोगीर चढवलं. ती पाचवारी नेसून एका अंगावर बसली. वारं सुटलं, पदर फडफडत घोडीच्या डोळ्यावर गेला, घोडी बुजली आणि सत्यभामा मातीत. दुसऱ्या दिवशी तिनं सासूबाईंचं जुनं नऊवारी काढून कासोटा आवळला. बैठक जमली, पण काष्ट्याचा पीळ मांडीखाली येऊन कातडं सोललं. त्यात पायात चप्पल. पाय रिकिबीच्या कडीतून आरपार जाऊन अडकला, ती खाली आली आणि घोडीनं तिला बांधापर्यंत फरफटत नेलं. डोकं दगडावर आपटलं. रक्त पुसत ती उठली, ती थेट सुग्रीव शिंप्याच्या दुकानात.

"विजार शिवायची. बसायला सैल, गुडघ्याखाली घट्ट. अन् मांडीच्या आतून जाड शिवण नको, तितंच सोलतं."

"कुणाच्या मापाची?"

"माज्या."

सुग्रीवानं कात्री खाली ठेवली. "मालकास्नी इचारलंय का?"

"पाय मालकाचे हायत का माजे?" ती इतकी जोरात बोलली, की रस्त्यानं चाललेली माणसं थांबली. सुग्रीवानं गुपचूप टेप उचलला.

विजार आली. वर तिनं उत्तरेश्वराचा जुना सदरा घातला, बांगड्या उतरवून ठेवल्या. पायात त्याचेच टाचेचे बूट, पुढं चिंध्या कोंबून. उत्तरेश्वर बघत राहिला. रागावला, तरी बूट परत मागितले नाहीत. मग तिनं आबांचा फेटा मागितला.

"फेटा न्हाई."

"कावून?"

"विजार घातलीस, बूट घातलेस, मी काय म्हनलो का? पण फेटा गड्याच्या डोक्याचा आसतो. आबांची इज्जत हाय ती."

"परवा माजं डोकं फुटलं तवा इज्जत कुटं गेलती?" सत्यभामेनं डोक्यावरची खोक बोटानं दाखवली. "पुन्ना आपटलं तर?"

तो वळून गोठ्याकडं निघून गेला. तिनं आपलंच एक सुती लुगडं टराटरा फाडलं, पट्टी दुहेरी केली आणि कपाळ ते मानेपर्यंत घट्ट गुंडाळली. गाठ मारताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते रागाचं होतं. आठवडाभर ती माळावर घोडी फिरवत राहिली. घोडी ऐकायला लागली तशी एका सकाळी सत्यभामा डेपो बघायला डोंगराला लागली.

डेपोचं दार सताड उघडं होतं. आत कडबा छताला टेकलेला आणि दारात बैलगाड्या भरल्या जात होत्या. गाडीवान बबनरावांच्या शेतावरचे. तिनं घोडी फाटकात आडवी घातली.

"एक पेंडी भाईर जायची न्हाई! बायनाबाईला बोलवा. वस्तीला बोलवा समद्या!"

वस्ती धावत आली. पाठोपाठ धुरळा उडवत जीप आली. कारखान्याच्या कामाला गेलेली तीच जीप. बबनराव उतरले, त्यांनी गाड्यांकडं पाहिलं, लोकांकडं पाहिलं आणि बोट सत्यभामेच्या डोक्याकडं केलं.

"आदी ते काढा! बाईमाणसाला शोभतं का हे? गावाची अब्रू घालवली!"

दोन-चार म्हातारे माना डोलवायला लागले. सत्यभामेला दिसलं, की आत्ता सगळे तिच्या विजारीवर बोलत बसतील आणि गाड्या मागच्या मागं निघून जातील.

"माजे कपडे नंतर बगा!" ती ओरडली. "आदी हे सांगा, सोसायटीचा कडबा तुमच्या गाड्यात कसा?"

बबनराव पुन्हा फेट्यावर घसरले. पण तोवर बायनाबाईनं पहिल्या गाडीवरून पेंडी ओढली होती. मग कुणी थांबलं नाही. गाड्या रिकाम्या झाल्या, डेपोतला कडबाही घरोघर गेला. चेअरमन जीपमध्ये बसून नुसते बघत राहिले.

पुढच्या मीटिंगमध्ये तिला बोर्डावरून काढलं. कारण दिलं, अशोभनीय वर्तन. कडब्याचा विषयच निघाला नाही. उत्तरेश्वर ती बातमी घेऊन घरी आला.

"तुमी काय बोललात?" तिनं विचारलं.

"काय बोलायचं? समदे एका बाजूला व्हते."

त्याला वाटलं, रडेल. ती उठली, बूट घातले आणि खोगीर उचललं.

"आता कुटं? तू संचालक न्हाईस आता."

"मेंबर तर हाय ना? माज्या नावाचा शेअर हाय. सोसायटीचा खालच्या अंगाला दुसरा डेपो हाय, तितं काय चाललंय ते मेंबरला बगता येतं."

घोडीचा पट्टा आवळताना तिचे दात ओठात रुतले होते. उत्तरेश्वर आडवा आला नाही, मदतीलाही आला नाही. घोडी वेशीतून बाहेर पडली.