पाखरं उडवणारी हाळी

मित्रांनो, रेणापूरच्या बाजारात गफूरचाचांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथं कोपऱ्यात पिवळा पडलेला जुना संगणक दिसतो ना, तो मी. लातुरात सुटे भाग जोडून मला घडवलं. चाचांचा एक नेम होता. फोन उघडण्याआधी त्यातलं सगळं माझ्यात उतरवून ठेवायचं. गिऱ्हाइकाची अमानत हाय, म्हणायचे. खेळ तर ते कधीच पुसत नसत.

शाळेतल्या रुद्राणीबाईंनी मुलांसाठी 'राखण' नावाचा खेळ बनवला होता. ज्वारीवर पाखरं उतरत. बोट लावलं की शेतातल्या राखणीच्या माळ्यावरून हाळी उठे, "हाऽऽ हुर्र!" तो आवाज व्यंकटीआबांचा, आमच्या कीर्तनकारांचा. लोक खऱ्या शेतातही फोन लावून ठेवू लागले. आबा हसून म्हणायचे, "देवळात माणसं बसवितो, रानात पाखरं उठवितो. गळा एकच हाय."

पुढं खेळाची नवी आवृत्ती आली. चकचकीत, पण हाळीच्या जागी नुसतं 'टिंग'. फोनमधले खेळ आपोआप बदलले. पाखरांनी त्या टिंगला भीक घातली नाही. त्याच साली आबांच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, आवाज गेला. दुकानात नवे संगणक आले आणि माझ्यावर कापड पडलं.

गेल्या पौषात चाचांचा मुलगा यासेर मला भंगारात द्यायला निघाला. गाडा दारात उभा होता. तेवढ्यात आबांचा हात धरून त्यांची नात सिंधु आली. आजोबांचा आवाज तिनं कधी ऐकलाच नव्हता. पहिला खेळ रुद्राणीबाईंकडेही उरला नव्हता.

"चाचा, आबाचा आवाज घावंल का?"

चाचांनी गाडा थांबवला. कुठल्याशा जुन्या फोनमधून उतरवलेला पहिला खेळ माझ्या पोटात तसाच होता. मग यासेरनंच माझ्यात मोबाइलचं सोंग घेणारा एक प्रोग्राम घातला. म्हातारपणी मी बहुरूपी झालो! सिंधुनं कळ दाबली.

"हाऽऽ हुर्र!"

दारातल्या तारेवरच्या चिमण्या भुर्रकन उडाल्या. आबा खांदे हलवून हलवून हसले, डोळे पुसले आणि नातीकडं वळून नुसते ओठ हलवले.

"आबा म्हणतेत," सिंधु म्हणाली, "चिमण्यांला बसू दे, मग पुन्हा लाव."

मित्रांनो, कीर्तनात बुवा आख्यान रंगवत कुठवरही जावोत, फिरून ध्रुपदावर येतातच. कारण टाळकऱ्यांनी ते धरून ठेवलेलं असतं. नवं आनंदानं घ्या, पण पहिलं कुणीतरी धरून ठेवा.

आता कीर्तनाआधी मला देवळात नेतात. हाळी उठते. कळसावरची पाखरं उडतात आणि माणसं बसतात.