महानंदाकडचं कोण हाय?

१९७४ सालचा चैत्र. सोलापुरात बसलिंगप्पाच्या घरी सकाळपासून पोहे, शेंगाचटणी, सतरंज्या अशी धांदल चालली होती. धाकट्या लेकीला, नागम्माला बघायला अक्कलकोटचे पाहुणे येणार होते. सून कुठाय असं कुणी विचारलंच, तर माहेरी गेलीय म्हणायचं, असं त्याच्या बायकोने, कमलम्माने घरात सगळ्यांना बजावलं होतं.

सून महानंदा कोठडीत होती. कारखान्यात मुकादमाने तिचा हात धरला, तेव्हा तिने मागावरचा धोटा उचलून त्याच्या डोक्यात हाणला. टाके पडले. कोर्टात "व्हय, मारलं" असं तिने सरळ सांगून टाकलं. पहिलाच गुन्हा, म्हणून न्यायाधीशांनी प्रोबेशन अधिकारी हिंदुराव माने यांना घरची चौकशी करायला सांगितलं. घरच्या एकाने जामीन राहून 'ही आमच्याकडेच राहील' एवढं लिहून दिलं, की तुरुंग टळणार होता. कायदा शहाणा झाला होता हो, माणसंच मागं राहिली होती.

हिंदुराव भला माणूस, पण नेमके पाहुणे बसले असताना सरकारी जीप घेऊन दारात आले.

"महानंदा मायाप्पा इथंच राहतात ना?"

बायकांनी पदर ओढून घेतले. पाहुण्यांनी बश्या खाली ठेवल्या. महानंदाचा नवरा मायाप्पा सुपारी कातरत होता, तो मान खाली घालून कातरतच राहिला.

"तसलं कोण न्हाय हितं," बसलिंगप्पा म्हणाला. "चुकलासा तुमी, साहेब."

पाहुणे गेल्यावर हिंदुरावांनी त्याला पुन्हा गाठलं. "सोमवारी तारीख आहे, अप्पा. एक सही करा. पोरीचं आयुष्य आहे."

"नागम्माचं लगीन होऊ द्या की. मग पायजे तितक्या सह्या करतो."

"लग्न कधी?"

"ज्येष्ठात."

सोमवारी हिंदुरावांनी अहवालात होतं तेच लिहिलं : घरचे ओळख देत नाहीत. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "बाई, सोडलं तर राहशील कुठं?"

"घरनं कोण आलं आसंल की साहेब," महानंदा म्हणाली. "लई लाजत्यात. जरा हाक मारून बगा."

शिपायाने व्हरांड्यात जाऊन तीनदा पुकारा केला, "महानंदाकडचं कोण हाय का?" कुणी पुढे आलं नाही. तीन महिन्यांची शिक्षा झाली.

मायाप्पा आवारातल्या लिंबाखाली उभा होता. त्याने तिन्ही हाका ऐकल्या होत्या.