एका बाहीची इस्त्री

"बटणं मोजून घ्या," मी म्हणाले.

"अहो, शर्ट माझाच आहे," गिऱ्हाईक हसलं.

"म्हणूनच. उद्या म्हणाल, एक कमी होतं."

त्यानं मोजली. सात भरली. पावतीवर सही घेतली आणि मगच मी शर्ट हातातून सोडला. आग लागल्यापासून माझ्या लाँड्रीत हा नियम आहे. लोक चेष्टा करतात, पण येतात. वर्षापूर्वी इथे काजळीनं काळ्या झालेल्या चार भिंती आणि जळक्या लोकरीचा वास एवढंच उरलं होतं. नवरा म्हणाला, विकून टाकू. मी भिंती स्वतः घासल्या. ज्यांचे कपडे जळाले त्या बावन्न घरांत जाऊन बोलणी खाल्ली आणि तीन महिन्यांत शटर वर केलं. तेव्हापासून मी कुणावर म्हणून विश्वास टाकत नाही. इस्त्रीचा प्लग कुणीही काढो, मी परत जाऊन बघते. स्वतः काढलेलासुद्धा.

शर्टवाला गेला तशी माझी नजर रस्त्यापलीकडे गेली. इस्त्रीकाका आजही तिथे उभे होते. हा तिसरा दिवस.

काका सासऱ्यांच्या काळापासून, बावीस वर्षं आमच्याकडे होते. त्यांनी घडी घातलेला शर्ट उलगडणं लोकांच्या जिवावर यायचं. आग इस्त्रीच्या टेबलावरून लागली, हे बंबवाल्यांनीच सांगितलं. मग वेगळं विचारायचं काय? सगळ्या गल्लीसमोर मी ओरडले होते, "तुमच्या हलगर्जीपणानं आमचं वाटोळं झालं!" ते एवढंच म्हणाले, "मी प्लग काढून गेलो होतो, सूनबाई." आणि मान खाली घालून निघून गेले.

आता नेमकी समोरच नवी लाँड्री उघडत होती. पाटी रंगवणारा शिडीवर चढला होता आणि काका शिडीशेजारून माझ्या दुकानाकडे टक लावून बघत होते. यात न कळण्यासारखं काय होतं? नव्या मालकानं त्यांना माझी गिऱ्हाइकं हेरायला उभं केलं होतं. कोण कधी येतं, कोणाचं काय असतं, सगळं त्यांना तोंडपाठ. मी हँगर सरकवून काचेला आडोसा केला.

तेवढ्यात एक बाई आत आल्या आणि राखाडी कोट काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "या वेळी दोन्ही बाह्या करा हं."

"म्हणजे?"

"विसरलात? मी नर्स. पलीकडच्या इमारतीत राहायचे. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी मुलाखत होती, म्हणून संध्याकाळी धावत आले होते. तुमचे इस्त्रीवाले घरी गेलेले, म्हणून तुम्हीच करायला घेतलीत. एक बाही झाली आणि लाइट गेली. तसाच घालून गेले मी!"

"माझ्याकडे नसेल. दुसरीकडे कुठेतरी."

"अहो, सकाळी बसमधून बघते तर तुमच्या दारात पाण्याचे बंब. विसरेन कशी?"

हिला कुणी पाठवलं, हाच पहिला विचार माझ्या डोक्यात आला. काकांची कुणी नात्यातली असणार. मी तिचा चेहरा निरखून पाहिला. ती आपली निवांत हसत होती.

"तुम्ही म्हणालात, अंधारात मला माझा हात दिसेना, बाहीचं काय घेऊन बसलात."

हे बोलणं माझंच होतं. असं फटकन दुसरं कुणी बोलत नाही. आगीच्या धांदलीत ती पाच मिनिटं माझ्या डोक्यातून साफ गेली होती. काकांनी काढलेला प्लग मी घातला होता. लाइट गेल्यावर इस्त्री होती तशी कापडावर पालथी ठेवली, कोट बाईंच्या हातात कोंबला आणि शटर ओढलं. लाइट नसताना बटण चालू आहे की बंद, हे कोण बघतं? रात्री केव्हातरी लाइट आली असणार.

बाईंना उद्या यायला सांगितलं आणि मी रस्ता ओलांडला. मला येताना बघून काकांनी दोन पावलं मागे घेतली.

"तीन दिवस काय बघताय?" माझा आवाज अजूनही चढाच होता.

"तुमच्याकडे यायचं होतं. धीर होत नव्हता. हा मालक म्हणतो, काम चांगलं आहे तुमचं, पण तुमच्या हातून दुकान जळालंय म्हणतात. समोरच्या बाईंनी एक शब्द टाकला तर ठेवतो. वर्ष झालं सूनबाई, मला कुणी इस्त्रीला हात लावू देत नाही."

"तुम्ही गेल्यावर प्लग मी घातला होता," मी म्हणाले. "आग माझ्या हातून लागली."

त्यांना आश्चर्य वाटलं नाही. तेच मला फार लागलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी काढलेला प्लग दुसरं कोण घालणार? किल्ली तर तुमच्याकडेच."

"मग बोलला का नाहीत?"

"ऐकण्यासारख्या होतात का तेव्हा? आणि नंतर तुम्हाला भिंती घासताना बघितलं. माझ्यावरच्या रागावर चाललं होतं तुमचं. म्हटलं, चालू दे."

मला रडू आलं. मी पदरानं तोंड पुसलं. "परत या, काका. आपल्याकडे."

त्यांनी मान हलवली. "मी प्लग काढला की तुम्ही मागून बघायला याल. ते आता मला सोसायचं नाही."

नवा मालक दारातच उभा होता. मी त्याला सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आमच्या दुकानाची आग माझ्या हातून लागली. यांचा काडीचा दोष नव्हता. असा इस्त्रीवाला तुम्हाला शोधून सापडायचा नाही." पाटी रंगवणाऱ्याचा हात थांबला.

"अहो, आत येऊन सांगा ना," मालक ओशाळून म्हणाला.

"नको. यांना बोलले होते तेव्हा रस्त्यावरच बोलले होते."

परत आले तर आमच्या पायरीवर मास्तरीणबाई गाठोडं घेऊन उभ्या होत्या. बावन्न घरांतलं एक त्यांचं. आईची एकुलती एक रेशमी साडी जळली होती त्यांची. मी पाच वेळा दारात गेले तेव्हा कुठे त्या पुन्हा यायला लागल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"खरंच तुमच्या हातून?"

"हो."

"आणि वर्षभर त्या माणसाला..."

त्यांनी गाठोडं काखेत घट्ट धरलं. "आज राहू दे. बघते मी."

मला खूप काही सांगता आलं असतं. पण मी पायरीवरून बाजूला झाले आणि त्यांना जायला वाट दिली.