लाल खांद्यावरचा हिरवा रंग

मी एक जुना कुंचला आहे, मित्रांनो, आणि मला स्वतःची किळस येते.

माझी पहिली वर्षं चांगली गेली. एका रंगाऱ्याच्या हाती मी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, लोकांनी अक्षराचं कौतुक केलं. रंगारी वारले आणि मी त्यांच्या जावयाकडे आलो. तो पक्षी विकायचा. ती कोंदट खोली, विष्ठेने माखलेले पिंजरे, कुजकी फळं!

तिथे पोपटांचे दोन भाऊबंद असायचे. एक साधा, गळ्यात कंठी असलेला. तो आजही भरपूर दिसतो, त्या काळी तो विकायचा परवाना मिळायचा. दुसरा करण पोपट. तोही हिरवा, कंठीवाला, पण थोराड, मोठ्या चोचीचा, खांद्यावर लाल पट्टा असलेला. ढोलीतून पिल्लं पळवून पळवून त्याची संख्या घटली, तो संकटाच्या उंबरठ्यावर आला. त्याला विकायला बंदी होती आणि गिऱ्हाइकांना नेमका तोच हवा असायचा.

मग जावयाने शक्कल लढवली. वनखात्याच्या तपासणीआधी लाल खांद्यांवर हिरवा रंग फासायचा, तोही माझ्याकडून! पिल्लं थरथरायची. पिसं साफ करताना रंग त्यांच्या पोटात जायचा. एक पिल्लू माझ्यासमोर तडफडून मेलं. "चला, चार उरली," म्हणत त्याने ते कचऱ्यात टाकलं. शी!

"बाबांच्या कुंचल्याने असले धंदे? जनाची नाही, मनाची तरी ठेवा," त्याची बायको, रंगाऱ्याची मुलगी, म्हणाली.

"तू तुझं काम बघ."

तिने बघितलं. तपासनीस बाई आल्या तेव्हा तो तोंडभर हसून सांगत होता, "साधेच पोपट आहेत, बाई." तेवढ्यात तिने पसरट ताटलीत पाणी भरून पिंजऱ्यात सरकवलं. "उकडतंय हो बिचाऱ्यांना." पोपटांना आंघोळीचा भारी सोस. चारही पिल्लं पाण्यात उतरली, पंख फडफडले. पाणी हिरवं झालं आणि खांदे लाल. बाईंनी पिंजरा जप्त केला आणि मलाही उचललं.

तीन पिल्लं वाचली. चौथं दवाखान्यात पोहोचण्याआधीच गेलं. मी आता पुरावा म्हणून पिशवीत बंद आहे.

मित्रांनो, जावयाला शिव्या घालून मोकळे होऊ नका. त्याच्या दारात गिऱ्हाइकं उभी असायची, भली माणसं, मुलांचा हात धरून आलेली. "मोठा द्या, बोलणारा द्या," म्हणायची. पोपट आवडत असेल तर ढोलीचं जुनं झाड राखा. घरात मात्र पोपट मागू नका. तुम्ही मागता, म्हणून कुणीतरी ढोलीत हात घालतो.