त्या दिवशी हौदात निळा होता

"काका, काम काय करता?" डॉक्टरीणबाईंनी फॉर्म पुढे ओढत विचारलं.

"निवृत्त," मुकादम बोलून मोकळा झाला.

रंगाऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजार त्याला, प्रश्न त्याला, आणि उत्तरं धाकटा भाऊ देणार! कापड रंगवायच्या कारखान्यात हा धाकटा मुकादम होता आणि थोरला एकतीस वर्षं रंगाच्या हौदावर राबून तीन महिन्यांपूर्वी घरी बसला होता. सकाळीच बायको म्हणाली होती, "भावजी स्वतःच्या आईला कधी दवाखान्यात घेऊन गेले नाहीत. आज तुमचा एवढा पुळका कसा?" तो पुळका आता कळला. कामाचा संबंध दिसला की असा फॉर्म सरकारी तपासणीवाल्यांकडे जातो, हे बाहेरच्या पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं.

"रंगारी लिहा," तो म्हणाला. "एकतीस वर्षं."

"आणि विड्या लिहा," मुकादम घाईघाईने म्हणाला. "दिवसाला दहा!"

"बारा. तेही लिहा. मी काही झाकत नाही, तूच झाकतोस."

बाईंनी दोन्ही लिहिलं. दोन्हींमुळे मूत्राशयाचा कॅन्सर होतो, म्हणाल्या. मग विचारलं, "लघवीतून रक्त पहिल्यांदा कधी गेलं?"

"झाले असतील पंधरा दिवस," मुकादम म्हणाला.

"गप रे! आठ महिने, बाई."

हौदावरच्या माणसांची थुंकीसुद्धा रंगीत. ज्या रंगाचा हौद, त्या रंगाची लघवी, हा तिथला जुना विनोद. नवीन माणसाची पहिली रंगीत लघवी म्हणजे सगळ्यांना चहा. त्यामुळे लाल दिसलं तरी कुणी घाबरायचं नाही. रंगारीही घाबरला नव्हता. पण त्या दिवशी हौदात निळा होता. लाल आणि निळा त्याला कळत नव्हता असं थोडंच आहे? त्याने मुकादमाला तिथल्या तिथे सांगितलं होतं, आणि मुकादम हसून म्हणाला होता, "कालचा राहिला असेल, दादा." घरी बसल्यावरही लालच. तेव्हा मुकादम म्हणाला, "एकतीस वर्षांचा रंग, एका दिवसात उतरतो होय?" आणि हा शहाणा रंगारी ऐकत बसला. त्याला भावाइतकाच स्वतःचाही संताप आला.

"गाठीच्या रिपोर्टात ते हाय ग्रेड, स्टेज दोन लिहिलंय, म्हणजे काय ते एकदा नीट सांगा. याच्यासमोर सांगा."

बाई सावकाश म्हणाल्या, "ग्रेड म्हणजे गाठीचा स्वभाव. तुमची वाईट स्वभावाची आहे, झपाट्याने वाढणारी. स्टेज म्हणजे ती कुठवर पोचली. मूत्राशयाच्या स्नायूत शिरली आहे. मूत्राशय काढावं लागेल बहुतेक."

"आठ महिन्यांपूर्वी आलो असतो तर?"

"छातीठोक सांगता येणार नाही. पण कदाचित आतल्या अस्तरावरच असती. खरवडून काढता आली असती."

"ऐकलंस?" रंगारी म्हणाला.

मुकादम मान खाली घालून म्हणाला, "दादा, तपासणी आली तर कारखाना बंद पडेल. शंभर घरं आहेत."

"माझं एकशेएकावं. ते मोजायचं राहिलं तुझं."

बाईंनी पेन उचललं. "त्या हौदावर आता कोण असतं?"

मुकादम फॉर्मवरची नजर काढून दाराकडे बघू लागला. रंगाऱ्याने त्याला जरा वेळ तसंच राहू दिलं. त्याला त्यात बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली नाही.

"याचे जावई," शेवटी रंगारीच म्हणाला. "यानेच चिकटवले. काय रे, जावईबापूंची कशी होते?"

मुकादमाने टेबलाची कड घट्ट धरली.

"गेल्या आठवड्यात म्हणाले होते... लाल होते म्हणून."

"हौदात काय होतं?"

"हिरवा." मुकादमाचा आवाज फाटला. "मी म्हटलं, कालचा राहिला असेल."

रंगाऱ्याने टेबलावरची लघवीची रिकामी बाटली उचलली आणि भावाच्या हातात कोंबली.

"जा. पळ," तो म्हणाला. "आणि पोरीला काय सांगायचं ते वाटेत ठरव."