पुलाखालची हाक

शंख वाजला तशी पालेपोईने बस पुलाच्या अलीकडेच उभी केली. आधी गाणं बंद केलं, मग इंजिन. पलीकडे, गावाच्या तोंडाशी, पहाऱ्याची पोरं कमरेला लावालावाचं कापड गुंडाळून, काठ्या घेऊन रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभी राहिली. आता घराघरांत संध्याकाळची प्रार्थना. शेवटचा शंख वाजेपर्यंत गावात ना चाक फिरायचं, ना पाऊल टाकायचं. एरवी बसमधल्या लोकांची ही डुलकी काढायची वेळ, पण आज सगळ्या माना लोसाकडे वळल्या होत्या.

लोसाने कानामागचं तांबडं जास्वंद काढून खिडकीबाहेर टाकलं आणि सुटे केस करकचून बांधले. पुलावरच्या भुताटकीच्या बाईला दुसरीचे मोकळे केस आणि तांबडं फूल खपत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

“आता फूल टाकून काय उपयोग?” पालेपोई आरशातून बघत म्हणाला. “तिला तुझं नावच कळलंय.”

“गप रे तू,” शेजारी बसलेल्या पेपे आजीने त्याला दटावलं. “आधीच पोरीच्या तोंडचं पाणी पळालंय.”

काल लोसाला तिठ्यावरच्या दुकानातून निघायला उशीर झाला होता. चालत चालत पुलाच्या मध्यावर आली आणि शंख वाजला. नियम म्हणजे नियम, म्हणून कठड्याला टेकून ती तिथंच थांबली. आणि मग पुलाखालून, पाण्याच्या आवाजातून, कुणीतरी घोगऱ्या आवाजात तिचं नाव घेतलं. लोसा जी धावत सुटली, ती थेट पहाऱ्याच्या पोरांवर जाऊन आदळली. प्रार्थनेच्या वेळी पळाली म्हणून खरं तर दंड व्हायचा, पण तिचा चेहरा बघून पोरांचीच पाचावर धारण बसली. सकाळपर्यंत गोष्ट गावभर झाली. म्हणून आज एवढ्याशा अंतरासाठी ती बसने आली होती. एकटीने पूल ओलांडायची तिची छाती नव्हती.

घरीही कुणी नव्हतं. नवरा, एती, न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला गेलेला. सासरा सेफो काल सकाळीच लेकीच्या गावी गेला होता आणि शनिवारपर्यंत तिकडेच राहणार होता. जाताना जरा वाजलंच दोघांचं. म्हाताऱ्याला पहाटे खोकल्याची उबळ येई. आधी दोनदा घसा खाकरल्यासारखं, मग लांबलचक ढास, आणि शेवटी शिट्टीसारखा श्वास. चटईच्या पडद्याआड पडून लोसा रोज ते ऐके आणि रोज कूस बदले. काल पहाटे ती तोंडातल्या तोंडात म्हणाली होती, एक रात्र तरी सुखाने झोपू द्या. सेफोचे कान अजून शाबूत होते. त्याने छत्री घेतली आणि पिशवी भरली.

“मलाही बोलावलं तिनं,” पेपे आजी हळूच म्हणाली. तिचं घर पुलाला सगळ्यांत जवळचं. “रात्रभर. पेपे, पेपे, असं. मी चादर कानांवर ओढली आणि देवाची गाणी म्हणत बसले. पहाटेच्या सुमाराला थांबली बया.”

“ओ दिली नाहीस ना?” मागून कोणीतरी विचारलं.

“देईन होय? ओ दिली की संपलं. ती खालीच ओढून नेते.”

“आमच्या मेव्हण्याच्या टॅक्सीत बसली होती ती,” मागचा माणूस म्हणाला. “पूल आला आणि गायब. सीट नुसती ओलीचिंब.”

“तुझा मेव्हणा किती पितो ते माहितीये आम्हाला,” पालेपोई म्हणाला. “ती सीट कुणी ओली केली तेही सांग की.”

दोघं-तिघं हसले, पण ते हसू तोंडावरच विरलं. गावातून गाण्याचे सूर यायला लागले होते. पुलाजवळच्या मोसोओईच्या झाडाचा गोड वास खिडकीतून आत आला. हा वास आला की ती जवळ असते म्हणतात. लोसाने नाक दाबून धरलं. दिवसभर या पुलावर ट्रकांची धडधड आणि बसगाड्यांची गाणी, कानात बोट घातलं तरी ऐकू येतील अशी. फक्त या वेळेला सगळं थांबतं. मग खालचं पाणीसुद्धा स्पष्ट ऐकू येतं.

आणि त्या पाण्यातून हाक आली.

“लोऽसा...”

कालच्यापेक्षा बारीक, फाटलेली. बसमधल्या प्रत्येकाने ती ऐकली. पालेपोईने छातीवर क्रूस काढला. पेपे आजीने लोसाचं मनगट असं आवळलं की तिची नखं रुतली.

“बोलू नकोस. तोंड उघडू नकोस.”

“मी काय केलंय तिचं?” लोसाच्या डोळ्यांत पाणी आलं. “मीच का?”

“गाणं म्हणा रे!” आजी ओरडली. “सगळ्यांनी म्हणा!”

बसमध्ये एकदम गाणं सुरू झालं. गावापेक्षा मोठ्याने, भांडल्यासारखं. लोसाही म्हणत होती. तिचा सूर कुठल्या कुठे चालला होता, पण ती म्हणत होती. आवाज बंद पडला असता तर ती हाक पुन्हा ऐकू आली असती.

कडवं संपलं. पुढचं सुरू करण्याआधी सगळ्यांनी श्वास घेतला, आणि तेवढ्या फटीत खालून आणखी काहीतरी आलं. दोनदा घसा खाकरल्यासारखं, मग ढास, आणि शेवटी शिट्टी.

पुढचं कडवं सुरू झालं. लोसाचं तोंड मात्र उघडंच राहिलं.

भुताला खोकला येत नाही, असं तिच्या मनात आलं. लगेच दुसरं आलं, की भूत कुणाचाही आवाज काढतं. आपल्याच माणसाच्या आवाजात बोलावतं, तिथंच तर माणूस फसतो. मग तिसरं आलं. हा खोकला खरा असेल, तर कालची हाकही खरी होती.

ती उठली.

“बस खाली!” आजीने तिचा कपडा धरला. “अगं, झपाटलंय हिला! धरा कुणीतरी!”

“आजी, सोड. बाबा आहेत खाली.”

“सेफो लेकीकडे गेलाय. मीच पाहिला जाताना. ती असंच भुलवते, लोसा!”

लोसाने हिसका दिला. कपडा टरकला. बसच्या पायऱ्या उतरताना तिला रडू फुटलं होतं आणि ते थांबवायचा तिने प्रयत्नही केला नाही. पलीकडून पहाऱ्याच्या पोरांनी काठ्या उंचावल्या, जागची हलू नकोस म्हणून खुणा केल्या. पण पुलावर यायला त्यांचं पाऊल रेटेना. ती कठड्याच्या कडेने झुडपांत शिरली. खाली काळोख होता. मोसोओईचा वास नाकात चढला होता. कुणीतरी मागून केस धरतंय असं वाटून ती दोनदा किंचाळली, दोन्ही वेळा ती वेल होती. परत फिरावं, बसमध्ये जाऊन गाणं म्हणावं, असं तिला पावलागणिक वाटत होतं.

“लोसा,” अगदी जवळून आवाज आला.

ओ दिली की संपलं. ती चिखलात उभी राहिली.

“ओ,” ती म्हणाली. “ओ, बाबा. आले मी.”

पुलाच्या खांबाला टेकून सेफो कमरेपर्यंत पाण्यात बसला होता. एक पाय दोन धोंड्यांच्या मध्ये गुडघ्यापर्यंत गेलेला. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि पाण्यातून हात वर काढला. तळहात पांढराफटक होता, सुरकुतलेला, धुणं धुऊन धुऊन होतो त्याच्याही पलीकडे गेलेला. लोसा पाण्यात बसली आणि तिने त्याला धरलं. म्हातारा बर्फासारखा गार होता.

“तिकडे करमेना,” तो म्हणाला. ओठ धड हलत नव्हते. “पिकअपवाल्याने पुलापाशी सोडलं. शंख वाजायलाच आला होता. म्हटलं, रस्त्यात कशाला उभं राहायचं, खाली बसून प्रार्थना करू. पाय घसरला.”

“कधी?” हे विचारायची गरज नव्हती, तरी तिने विचारलं.

तो खोकला.

शेवटचा शंख वाजला तेव्हा माणसं उतरली. आधी पहाऱ्याची पोरं, मग पालेपोई टॉर्च घेऊन, मग बाकीचे. धोंडा हलवायला चार जण लागले. वर रस्त्यावर आणून त्याला चटईवर निजवलं तेव्हा प्रार्थना आटोपून पाद्रीही धावत आले होते. टॉर्चचा उजेड सेफोच्या पायांवर पडला. ते पायही तळहातांसारखेच होते. पालेपोईने टॉर्च दुसरीकडे वळवला. पेपे आजी गर्दीच्या मागे सरकली.

“कधीपासून होतास रे खाली?” पाद्रींनी विचारलं.

सेफोने सगळ्यांकडे सावकाश पाहिलं. पहाऱ्याच्या पोरांकडे, पालेपोईकडे, मागे उभ्या असलेल्या पेपे आजीकडे. लोसाकडे मात्र पाहिलं नाही.

“आजच,” तो म्हणाला. “दुपारी पडलो.”

“देवाची कृपा,” कोणीतरी घाईघाईने म्हणालं. “लवकर सापडला.”

“देवाची कृपा,” सगळे म्हणाले.

त्याला बसमध्ये मागच्या लांब सीटवर आडवं घातलं. लोसाने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पालेपोईने बस इस्पितळाच्या दिशेने वळवली. गाणं लावायला त्याचा हात पुढे गेला आणि तसाच मागे आला. मग आरशात न बघताच त्याने विचारलं,

“सेफोकाका, मग कालची हाक... ती कुणाची?”

पुढच्या सीटवर पेपे आजी पाठ ताठ करून बसली होती. बरोबर ये म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं, ती आपणहून चढली होती.

“काल?” सेफो म्हणाला. त्याने डोळे मिटले होते. “काल ती असेल. पुलावरची. ती मारतेच हाका लोकांना.”

“ओ दिली नाही ते बरंच केलं, नाही का?” पेपे आजीने विचारलं.

“बरंच केलं, पेपे.”

त्याला उबळ आली. दोनदा घसा खाकरल्यासारखं, मग ढास. लोसा त्याच्या छातीवरून हात फिरवत राहिली. त्या गार, सुरकुतलेल्या बोटांनी तिचं मनगट पकडलं होतं, आणि इस्पितळ येईपर्यंत ती पकड सैल झाली नाही.