खड्ड्याची खूण

कायेतानकाकांची स्मृती चालली आहे, हे मला त्यांच्या मुलीने माझ्या दुधाच्या टँकरपाशी उभं राहून सांगितलं. तेव्हा मनात पहिला विचार आला तो असा, की आता उशीर करून चालणार नाही. दुसरा त्याहून वाईट होता. आणखी थोडा उशीर केला, तर सांगायची वेळच येणार नाही. दोन्ही विचार माझेच. मी काही भला माणूस नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

"शेगडी चालू ठेवून बाहेर जातात," कालिना म्हणाली. "परवा मला आईच्या नावाने हाक मारली. पण ओल्गेर्दचं मात्र रोज. सकाळी उठले की तेच. 'मी हात दाखवला नाही, कालिना.' बाकी सगळं विसरले, तेवढं काही विसरत नाहीत. लुद्विक, तू ये ना एकदा. तुम्ही तिघंच होता तिथे. तुझं ऐकतील."

"येतो रविवारी," मी म्हटलं.

हात दाखवणं म्हणजे काय, ते सायकलवाल्यांना सांगावं लागत नाही. आम्ही एकामागे एक असे रांगेत चालवतो, पुढच्याच्या चाकात आणि आपल्या चाकात वीतभर अंतर. वारा पहिला खातो, बाकीचे त्याच्या आडोशाने जातात. मागच्याला रस्ता दिसत नाही, पुढच्याची पाठ दिसते. म्हणून खड्डा आला की पहिला हात खाली सोडून बोट दाखवतो, त्याच्या मागचा तसंच करतो, आणि ती खूण शेवटच्यापर्यंत जाते. मधे कुणी अडवायची नाही. पोलंडमधल्या सुवाऊकी गावच्या आमच्या क्लबात याखेरीज दुसरा नियम नव्हता. नवा माणूस आला की कायेतानकाका त्याला सायकल कितीची, पाय किती चालतात, असलं काही विचारत नसत. थोडं अंतर गेल्यावर मान न वळवता विचारायचे, "तुझ्या मागे कोण आहे?" नाव सांगता आलं नाही, तर तो त्या दिवशी सगळ्यांत शेवटी.

तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये बर्फ वितळून जेमतेम आठवडा झाला होता. हिवाळ्याने डांबर जागोजागी उखडलं होतं. आमच्याकडे सपाट रस्ता नाहीच. टेकडी चढा, उतरा, खाली तळं. तळ्याला वळसा घातला की पुन्हा टेकडी. त्या दिवशी पुढे कायेतानकाका, मधे मी, मागे ओल्गेर्द. ओल्गेर्द माझा शाळेपासूनचा दोस्त, आणि त्याची जीभ शाळेपासूनच तशी.

"काय रे, काकांच्या चाकाला डिंक लावलायस का?" तो मागून ओरडला. "सत्तरीचा म्हातारा वारा खातोय, आणि आमचा टँकर त्याच्या सावलीत."

मी मान खाली घालून पेडल मारत राहिलो.

"काका, तुमच्या मागे काहीतरी अडकलंय बघा. पोतं वाटतंय."

काका हसले. मला त्यांचं हसणं जास्त लागलं. मी खरंच दमलो होतो, पुढे जायची ताकद नव्हती, आणि खरं बोललेलंच नाकाला झोंबतं. हांचा नावाच्या तळ्याच्या उतारावर तो पुन्हा सुरू झाला. तेवढ्यात काकांचा डावा हात खाली गेला, बोट सरळ खड्ड्याकडे. मी पाहिलं आणि खड्डा चुकवला.

माझा हात मात्र हँडलच्या दांडीवरच राहिला. गारठला होता म्हणून नाही. बसू दे एक हादरा, जीभ चावली जाईल, तोंड बंद होईल, असं वाटलं. इतकंच वाटलं. मला त्याचं वाईट करायचं नव्हतं, पण बरं करायचंही नव्हतं.

ओल्गेर्दचा एक हात पाण्याच्या बाटलीवर होता. त्याचं पुढचं चाक खड्ड्यात गेलं आणि तो कडेच्या दगडावर डोक्याने आदळला. चौथ्या दिवशी, शुद्धीवर न येता, गेला.

इस्पितळाच्या बाकावर बसलेलो असताना काकांनी विचारलं, "लुद्विक, मी हात दाखवला होता ना रे?"

एका शब्दाचं काम होतं. हो. पण हो म्हटलं की पुढचा प्रश्न माझ्याकडे येणार होता. मी म्हटलं, "लक्ष नव्हतं माझं."

काका मग मान हलवायला लागले. मी समोर बसून त्यांचं मन त्यांच्याच विरुद्ध कौल देताना पाहिलं आणि तोंड उघडलं नाही. दफनाच्या दिवशी ते स्वतः ओल्गेर्दच्या बायकोपुढे, मिरेलापुढे, टोपी काढून उभे राहिले आणि म्हणाले, चूक माझी. क्लब सोडला. सायकल कुणाला तरी देऊन टाकली. मिरेला दोन वर्षं त्यांना पाहून रस्ता बदलायची. मला मात्र ती चर्चच्या दारात थांबून विचारायची, कसा आहेस. करून सवरून मी नामानिराळा.

रविवारी गेलो तेव्हा कालिनाने 'कार्ताचे', म्हणजे मांस भरलेले बटाट्याचे गोळे, उकडायला टाकले होते. घरभर बटाट्याचा आणि डुकराच्या तळलेल्या चरबीचा वास होता. काका खिडकीशी बसले होते. त्यांनी मला लगेच ओळखलं. त्याचीही मला भीती वाटली.

"टँकर कुठे लावलास?"

"घरीच ठेवला. काका, मी एक सांगायला आलोय." बसलो तर सांगणार नाही, हे ठाऊक होतं, म्हणून उभाच राहिलो. "तुम्ही हात दाखवला होता."

ते हसले. "कालिनाने शिकवून पाठवलं वाटतं."

"कुणी शिकवलं नाही. डावा हात. मी डोळ्यांनी पाहिला. मी मागे दाखवला नाही. मुद्दाम. तो मला चिडवत होता, म्हणून."

"मुद्दाम?"

"हो."

 त्यांनी उठून मुस्काटात द्यावी, असं मला मनापासून वाटत होतं.

"तू अगदी आईवर गेलायस," ते म्हणाले. "दुसऱ्याचं पोर पडलं, तरी ती धपाटा तुलाच घालायची. तशीच दोष अंगावर घ्यायची सवय लागली तुला."

"मी खोटं बोलत नाही, काका."

"अरे, मला दिसतंय ना. रोज दिसतं. दोन्ही हात दांडीवर. डाव्या हातमोज्याची शिवण उसवलेली, मी तिच्याकडे बघत होतो, म्हणून खड्डा उशिरा दिसला. इतकं स्वच्छ मला हल्ली या पोरीचं तोंडसुद्धा दिसत नाही."

त्या दिवशी काकांनी हातमोजे घातलेच नव्हते. थंडीने लाल झालेलं त्यांचं उघडं बोट मी पाहिलं होतं.

"हातमोजे नव्हते तुमच्या हातात," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा बदलला. ते आपल्या हातांकडे पाहू लागले. आधी डाव्या, मग उजव्या.

"नव्हते? मग मी काय बघत होतो?" ते हात उलटेपालटे करून पाहत राहिले. "कालिना, मी काय बघत होतो? मग हे रोज मला कोण दाखवतंय?"

कालिना चुलीपासून धावत आली. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून तिने मला मानेनेच नको म्हटलं.

"मिरेला येते," काका घाईघाईने म्हणाले. "दर गुरुवारी येते. केक आणते, इथे बसते. दोन वर्षांनी तिने मला माफ केलं. मी हात दाखवला असेल, तर मग लुद्विक, ती माफ कुणाला करत होती? मी गुरुवारी तिच्याशी काय बोलू?"

मी सगळं ठरवून आलो होतो. त्यांना सांगायचं, मग तसंच उठून मिरेलाकडे जायचं. शब्दही जुळवून ठेवले होते. पण समोर बसलेल्या माणसाजवळ एवढी एकच आठवण शाबूत उरली होती. ती माझ्यामुळे तयार झालेली, खोटी होती, आणि ती काढून घेतली तर त्या जागी ठेवायला माझ्याकडे काही नव्हतं. असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. पण त्याच क्षणी माझ्या छातीवरचं ओझं सुटलं, तेही तितकंच खरं.

"होते हातमोजे," मी म्हटलं. "शिवण उसवलेले. मीच उगाच बोललो, काका. तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

काकांनी हात मांडीवर ठेवले. "बघ, मी म्हटलं नव्हतं?" ते कालिनाला म्हणाले. "मनाचा फार चांगला आहे हा."

स्वयंपाकघरात कालिनाने डोळे पुसत माझा हात दाबला. "त्यांच्यासाठी इतका मोठा आळ स्वतःवर घ्यायला निघालास," ती म्हणाली. "मी मिरेलाला सांगणार आहे. तिलाही कळू दे."

"नको सांगूस," मी म्हटलं.

"का नको? लाजतोस काय?"

तिने माझ्यासमोर ताट ठेवलं, तीन कार्ताचे, वर तळलेली चरबी. मी जेवलो. भूक लागली होती.